जाड कार्डातले बाबा

ताईसाहेबांना धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे वाकणे फक्त कागदावर). तुझे गुडघे आणि दाजींचे पथ्य, दोन्ही नीट चालले असेल अशी आशा आहे.

पत्रास कारण, तुझा भाऊ आता मेमरी कार्डांतला जाणकार झाला आहे. बाबांचे कपाट आवरताना एका डबीत तीन कार्डे सापडली. एक जाड, काड्यापेटीएवढे, कडेला भोकेच भोके. ते रीडरमधल्या (म्हणजे संगणकाला जोडून कार्ड वाचायच्या खोक्यातल्या) बारीक पिनांवर बसते. दुसरे पोस्टाच्या तिकिटाएवढे, पाठीवर सोनेरी पट्ट्या, कुशीला इवलीशी कडी (ती लावली की आतले काही पुसले जात नाही, तुझ्या डोक्यातही देवाने ती बसवलेली आहे). तिसरे नखाएवढे, त्याला दुसऱ्याच्या मापाचे म्यान लागते. मी ते म्यानाशिवायच संगणकाच्या फटीत सारले आणि ते आत गडप झाले. तुझ्या भावजयीने भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढले. या दोन्हींत नुसते गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे फोटो.

राहिले जाड कार्ड. त्याच्या मापाची फट संगणकाला नाहीच. संगणकाच्या दुकानात नेले, तर दुकानदार म्हणाला, असली कार्डे आता कोण वापरतो. मी त्याला पिना आणि पट्ट्या यांतला फरक इतका समजावून सांगितला, की त्याने आधी मला खुर्ची दिली आणि मग माळ्यावरचा जुना रीडर. मी कार्ड उलटे लावायला गेलो (जाणकारांचेही होते असे), तर म्हणाला, "काका, जोर लावू नका. पिना वाकल्या की संपलं." मग घरी आणून सुलटे बसवले आणि दिवा लागला.

ताई, आत बाबांच्या निवृत्तीच्या दिवसाचा व्हिडिओ निघाला. वर्कशॉपमध्ये सगळे जमलेत, आणि कोणीतरी विचारतो, आता नुसता आवाज ऐकून इंजिनाचा दोष कोण ओळखणार? बाबा म्हणतात, "माझी मुलगी. ती माझ्याहून चांगलं ऐकते. तिला कधी सांगितलं नाही, एवढंच."

मी शेजारीच बसलेला दिसतो, तोंडात केक (लक्षही त्यातच असणार, हे तेव्हा ऐकल्याचे मला आठवत नाही). माझे नाव बाबांनी शेवटपर्यंत घेतले नाही. तरी छाती फुगली ती माझी.

तुझा,
धाकटा

ता. क. कार्ड सुलटे तुझ्या भावजयीने बसवले. मी तेव्हा डोळे मिटून उभा होतो.

आणखी ता. क. हे फोनवर पाठवता येते, एवढे मला कळते. पाठवणार नाही. बाबा गेल्यावर त्यांच्यावरच रागावून गेलीस, ती अजून या घरी आलेली नाहीस. ये, आणि माझ्या शेजारी बसून ऐक. दाजींनाही आण. तू रडशील तेवढ्या वेळात मी त्यांना पिना आणि पट्ट्या समजावून सांगेन.