राजाच्या सिनेमातले घोडे

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे बरं झालं. पण घरातल्या रोजच्या कपाटावर माणूस आपटतं कसं, तूच जाणे. इकडे सगळे मजेत. शाळेची बस, मुलांचा गोंगाट आणि रविवारी सिनेमा, माझं काही बदललेलं नाही. सिनेमे मात्र पार बिघडले.

त्या राजाच्या सिनेमाची हवा तुझ्याकडेही पोचली असेल. म्हणे खर्चाला हात आखडला नाही. मग दिवे लावतानाच का आखडला? अख्खी लढाई अंधारात. हजारो घोडे आणले म्हणतात. आणले असतील, मला चार दिसले. शत्रू कुठून येतो ते दाखवतच नाहीत, एकदम नायकाच्या छातीवर उगवतो. नायक मात्र तीन तास पडद्याच्या मधोमध केस सावरत उभा. त्याआधीचा बुडत्या जहाजाचा सिनेमाही तसाच. जहाज बुडालं हे मला बायकोने घरी येताना सांगितलं. ती म्हणते मी झोपलो होतो. मी सिनेमात झोपेन का गं?

रस्त्यावरही हल्ली तीच तऱ्हा. परवा एक सायकलवाला डावीकडून कुठूनसा उपटला. करकचून ब्रेक दाबला, मुलं पुढच्या बाकांवर आदळली. कोणाला लागलं नाही. लोक सायकल शिकतात तरी कुठे, देव जाणे.

भाओजींना नमस्कार. माझी बडबड गोड मानून घे आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
छोटू


दि. १२ फेब्रुवारी

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर एरवी मी पोट धरून हसले असते. या वेळी हसू आलं नाही. काल उठले आणि तुझा राजा बघून आले. तुझे भाओजी बघतच राहिले, की हिला एकाएकी झालं काय. सवय नाही, उशीर झाला, जागा शोधताना एका बाईच्या पायावर पाय दिला. ती केवढं बोलली मला.

छोटू, त्या सिनेमात अंधार नाही. सिनेमा टाकाऊ आहे हे खरं, नायकाचे केस वादळातही हलत नाहीत. पण लढाई वाळवंटात, भर उन्हात आहे. घोडे या टोकापासून त्या टोकापर्यंत आहेत. शत्रू डाव्या कडेने इतका सावकाश चालत येतो, की पुढच्या रांगेतली माणसं नायकाला ओरडून सावध करत होती.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल. घड्याळांचं दुकान बंद करायच्या आधी बाबा रोज आईवर चिडायचे, की ही दिव्यांची काटकसर करते. आई घरातला दिवा न् दिवा लावून बसायची, आणि ते म्हणायचे, आता तरी लाव.

मला फार भीती वाटते आहे. तुझ्या मागे रोज बसभर मुलं असतात. डोळे तपासून घे, आणि तोवर बसला हात लावू नकोस. तुझ्या बायकोलाही मी वेगळं लिहिते आहे. माझ्यावर रागाव, पण एवढं ऐक. चार ओळी आल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

तुझी,
ताई


दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्या रागात मुद्दाम बस चालवत राहिलो. मग एका दुपारी बायको शाळेच्या फाटकापाशी, बसच्या डाव्या अंगाला येऊन नुसती उभी राहिली. मी बस सुरू केली. तिने पत्र्यावर थाप मारली तेव्हा कळलं, ती तिथे आहे. किल्ल्या तिथल्या तिथे तिच्या हातात दिल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. आत ठिपका चमकला की बटण दाबायचं. मधोमध थोडे ठिपके आले, मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, अहो, तुमचं यंत्र बिघडलंय, हे काही दाखवतच नाही. बाई म्हणाल्या, यंत्र चालू आहे.

काचबिंदू आहे. बाबांचाही तोच असणार. गेलं ते परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकवता येईल म्हणतात. शाळेला कळवलं, बस आता दुसरा चालवतो. मला झोप लागत नाही, ताई. डोळे मिटले की बाकांवरची मुलं दिसतात, सगळीच्या सगळी, कडेचीसुद्धा.

निघताना बाईंनी विचारलं, भावंडं किती. हा आजार रक्तातून येतो, भावंडांनी लगेच तपासून घ्यावं, सुरुवातीला ज्याचं त्याला काही कळत नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून तुझं पत्र हातात घेऊन बसलो आहे. ताई, ज्या बाईच्या पायावर तू पाय दिलास, ती तुला दिसली होती का? आणि ते कपाट?

उत्तर लिहीत बसू नकोस, आधी तपासून ये. लोभाचं नंतर बघू.

तुझा,
छोटू