बिराजदारची मोठी चाकं

लातूर, रविवार, संध्याकाळ

माझ्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणाऱ्या बिराजदारनं गाडीला मोठी अलॉय चाकं बसवली. आज मला मुद्दाम औशाच्या रस्त्यानं चक्कर मारून आणली. "भारी दिसायलीत का नाही?" म्हणे. मी हो म्हणालो. माझ्या गाडीच्या एका चाकाची टोपी कधीची पडलीय, ते नेमकं तेव्हाच आठवलं.

पण मी फिजिक्स शिकवतो, मला कळतं. चाक जड झालं म्हणून टेम्पोला मागं टाकताना गाडी कुथत होती. टायरची कड बारीक, त्यामुळं प्रत्येक खड्डा थेट कमरेत. घेर वाढला, म्हणजे काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात पळते. हे त्याला सांगायला हवं होतं ना? सांगितलं असतं तर जळतो म्हणाला असता. आणि जळतोच की मी.

परत आलो तर क्लासच्या गेटवर देगलूरचे एक वडील मुलीला घेऊन उभे. सरांची गाडी बघून क्लास ठरवणाऱ्यांपैकी. गेटशेजारी लावलेल्या माझ्या गाडीच्या बिनटोपीच्या चाकाकडं एकदा बघितलं आणि सरळ बिराजदारकडं गेले. मुलीला त्याच्या गाडीशेजारी उभं केलं, मोबाइल माझ्या हातात दिला.

"एक फोटो काढा की. चाकं बी येऊ द्या."

काढला. चाकं पूर्ण यावीत म्हणून माझ्याच गाडीला पाठ टेकेपर्यंत मागं सरकलो.