आवतणाच्या गाण्यापाशी अडलेली डिस्क

आत्या,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की दादानं तुझ्या गाण्यांची हार्ड डिस्क टीव्हीला लावली आणि ती एकाएकी बंद पडली. ते चुकीचं होतं. एक तर ती बंद पडलेली नाही, आजारी आहे. आणि यातलं काहीच एकाएकी झालेलं नाही. दादाचा तर मुळीच दोष नाही. तो अजून माझ्यासमोर आला की नजर चुकवतो आणि न मागता माझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणतो, म्हणून आधी हे दुरुस्त करते. डिस्क गेल्या तीन लग्नांपासून सांगत होती. आमच्यापैकी कोणी कान दिला नाही, एवढंच.

डिस्क म्हणजे काय, हे मी तुला एकदा समजावून सांगितलं होतं. पडवीत तू तांदूळ निवडत बसली होतीस. मी म्हटलं, आत एक गुळगुळीत चकती असते, ती गरगर फिरते, आणि तिच्यावर एक बारीक टोक न टेकता तरंगत राहतं, तेच लिहितं आणि तेच वाचतं. तू सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "म्हंजे जातंच हाय की. मंग कदी तरी टाकी पन लावायला लागल त्याला." मी खूप हसले. जात्याचे दात झिजले की टाकीवाला येऊन ठोकून देतो, तसं इथे नसतं, असं मी सांगितलं. तू म्हणालीस, "मंग कसला ग तुमचा जातं? झिजला का फेकायचा?" तरीही दुसऱ्या दिवशी जुन्या पोलक्याच्या कापडाची, आत गोधडीचा तुकडा घातलेली एक पिशवी शिवून तू माझ्या हातात दिलीस. डिस्क त्या पिशवीत अशी बसते, जणू माप घेऊन शिवली होतीस.

आता लक्षणं सांगते, क्रमानं, कारण तुला क्रम लागतो. काकांकडच्या मोठ्या लग्नात यादी उघडायला फार वेळ लागला. पूर्वी लावल्या लावल्या गाणी दिसायची, त्या दिवशी नुसतं गोल गोल फिरत राहिलं. आम्ही म्हटलं, मांडवातला करंट कमी-जास्त होतोय, मंडपवाल्याला सांगा. पुढे आगाशीच्या मावशीकडे हळदीला एका गाण्याचं नावच बदललेलं होतं. अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मी मनात म्हटलं, फॉन्टची भानगड असेल. तिसऱ्या लग्नात ती मध्येच आपोआप निघाली आणि पुन्हा लागली. त्याचा दोष आम्ही वायरीला दिला आणि नवी वायर आणली. आणि या वेळी, पुढच्या लग्नाआधी चालते का बघू म्हणून दादानं नियम मोडून घरीच लावली तेव्हा, टीव्हीवर काहीच आलं नाही. घरात कोणी बोलत नव्हतं म्हणून पहिल्यांदाच तो आवाज ऐकू आला. टक्. थांबून पुन्हा टक्. नखानं डब्यावर वाजवावं तसा. मी उडी मारून वायर ओढली. कदाचित तो आवाज आधीच्या लग्नांतही येत असेल. पण मांडवात बँजो चालू असतो, पोरं नाचत असतात, तिथे डिस्कचं टक् टक् कोणाला ऐकू जाणार?

आणि ती फक्त मांडवातच लावली जात होती, ही खरी अडचण. तुझाच नियम. मांडव नसताना मांडवाचं गाणं घरात म्हणायचं नाही. मी शाळेत जायच्या आधीची गोष्ट मला अजून दिसते. तू चुलीपाशी भाकरी थापतेयस, माझ्यासमोर ताटात तांदळाचं पीठ पसरलेलंय आणि मी त्यात बोटानं अक्षरं काढतेय. अ आला की पीठ सारखं करायचं, मग आ. माझी पहिली पाटी ते ताट. अक्षरं काढता काढता मी तुझं हळदीचं गाणं गुणगुणायला लागते आणि तुझा पिठाचा हात माझ्या तोंडावर येतो. "गप. कोनाचा लगीन हाय आज? उगाच आवतन देशील नि दारात कोन येऊन उभा ऱ्हायला तं त्याला काय वाढशील?" माझ्या नाकात पीठ गेलं होतं. पुढे कॉलेजात मी गाणी उतरवून घ्यायचं ठरवलं तेव्हाही तू घरी बसून एकही म्हटलं नाहीस. ज्याच्या घरी मांडव, तिथे मी तुझ्या मागे फोन धरून. बाया तुला चिडवायच्या. "आता वरातीत फोनच नाचनार का गो?" तू गाण्याची ओळ न तोडता त्यांच्याकडे असं काही बघायचीस की त्या पदरात तोंड घालून हसायच्या. ते हसूही त्या डिस्कवर आहे.

तू गेल्यानंतर आम्ही नियम आणखी कडक केला. लग्न असेल तेव्हाच डिस्क काढायची, एरवी पिशवीत, कपाटात. आपण काहीतरी सांभाळतोय असं वाटायचं. मी तुळिंजच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना रोज शिकवते, ज्याची दुसरी प्रत नाही ते तुमच्याजवळ नाहीच असं धरून चाला. पण तुझ्या गाण्यांची प्रत काढायची म्हणजे ती उघडायची, आणि मांडव नाही तर उघडायची कशी? प्रत काढताना आवाज होत नाही, गाणं वाजत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी हात गेला नाही. दुसऱ्या कुठल्या घरात अशी अडचण आली असती, असं मला वाटत नाही.

त्याहून मोठी चूक मी परवा केली. क्लास सुटल्यावर तिथल्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. यादी दिसली. उशिरा, पण सगळी. मी ठरवलं, एक एक करून उतरवायची. आणि सुरुवात पहिल्यापासून केली. आवतणाच्या गाण्यापासून. दुसरीकडून सुरू करता येईल हे मला सुचलंसुद्धा नाही. गावदेवीला, खाडीला, वाडवडिलांना बोलावल्याशिवाय हळदीचं गाणं कसं घेणार? तूच म्हणायचीस, एक कडवं चुकलं तरी मागं जायचं, पहिल्यापासून यायचं. मी तसंच केलं. पहिलं गाणं अर्ध्यावर येऊन अडलं. टक्. मी रद्द केलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. पुन्हा. माझी सहकारी पर्स खांद्याला लावून दारात उभी, म्हणते, "अगं, खालचं घे ना एखादं." मी म्हटलं, "तसं नाही चालत."

घरी येताना नारिंगीच्या रेल्वे फाटकापाशी, रिक्षांच्या गर्दीत उभी असताना, मला कळलं मी काय करत होते. चकतीवरची जी जागा दुखावलीय, नेमकी तिथेच ते पहिलं गाणं असणार. प्रत्येक वेळी मी त्या टोकाला त्याच जखमेवर परत पाठवत होते. डिस्कमध्ये जो काही दम उरलाय, तो मी आवतणावर खर्च करत होते आणि मागची सगळी गाणी वऱ्हाडासारखी दाराबाहेर ताटकळत होती. तू मला भाताचं शिकवलं होतंस. करपल्याचा वास आला म्हणजे उशीर झाला. त्याच्या आधी आवाज बदलतो, रटरट थांबून चरचर सुरू होते, तेव्हाच खाली घ्यायचं. मी आवाज ऐकत होते आणि जाळ वाढवत होते.

दुसऱ्या दिवशी वसईला गेले. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारं एक दुकान तिथे आहे. माणूस बडबड्या. पिशवी बघून म्हणाला, "क्या बात है, डिस्कला स्वेटर!" मग मी सगळी लक्षणं सांगितली, हळू होणं, नावं बिघडणं, आपोआप निघणं, टक् टक्. तो म्हणाला, "मॅडम, इतकं सगळं झालं आणि तुम्ही ती अजून लावताय? बंद ठेवा एकदम. घरी रिपेअर-बिपेअर कोणी करायला बसू नका. आहे काय आत? पिक्चर?" मी म्हटलं, "माझी आत्या आहे." त्यानं पिशवी दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली. मग समजावून सांगितलं की तो मूळ डिस्क दुरुस्त करत बसत नाही. तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतो, आधी जिथे चांगलं आहे तिथलं सगळं, अडलं की तिथे न थांबता पुढे, आणि दुखरी जागा सगळ्यात शेवटी. तोवर डिस्कनं जीव सोडला तर ती जागा गेली. "पण बाकीचं हातात असेल. चालेल ना?"

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही, आत्या. विचार करून येते म्हटलं आणि डिस्क घेऊन परत आले. कारण मला नीट कळत होतं मी कशाला हो म्हणणार आहे. आवतणाचं गाणं शेवटी ठेवायचं, म्हणजे बहुधा ते जाणार. त्यात वाडवडिलांना बोलावतात. आता त्यांत तूही आलीस.

घरी वेगळंच चाललं होतं. काकांच्या धाकटीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे आणि हळदीला तुझीच गाणी हवीत असा सगळ्यांचा हट्ट. डिस्क बिघडल्याचं कळल्यावर तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "टेन्शन नका घेऊ, फॉरमॅट मारली की चालू होईल." मुलगा चांगला आहे, मनापासून बोलला. आणि त्याचं म्हणणं खरं आहे, फॉरमॅट केली तर डिस्क कदाचित चालू होईलही. रिकामी. घटस्थापनेला तो जेवायला येणार आहे, तेव्हा "जरा बघतो" म्हणालाय. मी आईला म्हटलं, त्याच्या आधी मी वसईला घेऊन जाते. आई काळ्या वाटाण्याच्या आमटीचं वाटण वाटत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "पितरपाख चाललाय नि तू लग्नाची गानी बाहेर काढतेस? येवढी शिकली ती याच्यासाठी?"

"आई, वाजवणार नाहीये. नुसती नक्कल."

"वाजव नायतर नको वाजवू. गानी ती गानीच. सर्वपित्री होऊ दे. जावई येतील, ते बगतील. त्यांना कल्तं सगला."

"मलाही कळतं. मी तेच शिकवते."

"तू भितेस गो. जिला भीती वाटते तिच्या हातून काम नीट होत नाय." मग आवाज उतरवून, "माज्या नणंदेची गानी हायेत ती. मला काय नको हायेत?"

ते लागलं, कारण खरं आहे. मला भीती वाटते. दार लावलं का हे मी परत जाऊन बघते, गॅसचं बटण दोनदा चाचपते, मुलांचे पेपर तपासून झाल्यावर बेरीज पुन्हा करते. पण आईचं एक चुकतंय. नीट काम करायला भीती सोडावी लागतेच असं नाही. अगदी खरं सांगायचं तर डिस्क न लावता पिशवीत ठेवली तर पंधरवड्यात ती आणखी फारशी बिघडणार नाही. मी वाट पाहू शकले असते. पण आपल्या घरात एखादी वस्तू न लावता ठेवणं कोणाला जमलंय? कोणीतरी हौसेनं लावेल, पडद्यावर प्रश्न येईल, फॉरमॅट करायची का, आणि कोणीतरी चांगल्या मनानं हो म्हणेल. म्हणून ती आता माझ्या क्लासच्या कपाटात कुलपात आहे. दादाला सांगितलंय. तो म्हणाला, "मी नेऊ का तुला वसईला?" मी हो म्हटलं. नजर चुकवायचं थांबेल तेवढंच.

मी नक्कल करून घेणार आहे, तुझा क्रम मोडून. आधी हळद, उंबरठा, न्हाणं, पाठवणी, बायांचं हसणं, जे जे धड आहे ते सगळं. आवतण शेवटी. तुला हे पटणार नाही. पहिल्यापासून ये, असं तू म्हणशील, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकणार नाही. रागाव. तोंडावर पीठ मार. मला पाठवणीच्या गाण्यात तुझा आवाज हवा आहे, जिथे दुसऱ्या कडव्यात तू स्वतःच रडकुंडीला येतेस आणि खोकल्याचं निमित्त करतेस. तो खोकला मला आवतणापायी घालवायचा नाही. शेवटी त्यातलं जे मिळेल ते मिळेल. नाही मिळालं, तर मला जेवढं येतं तेवढं मी लिहून काढीन आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन उरलेलं मागीन. कोणी एक ओळ देईल, कोणी अर्धी. तुझ्या आवाजात ते नसेल. ते मान्य करूनच मी निघाले आहे.

तुझी तिथी बुधवारी आहे. भेंडी आणायला आई मलाच पाठवणार, पान मीच वाढणार, कावळ्याची वाट मीच बघत उभी राहणार. त्या दिवशी मी डिस्कला हात लावणार नाही. तुझ्या समोर करायची हिंमत माझ्यात नाही, हे कबूल करते. वसईला गुरुवारी सकाळी जाणार.