आधी सॉना, मग गाडी

बुधवार, ८ जानेवारी

उणे एकतीस. रीक्काचा फोन — चार मिनिटं. त्यातली दोन हवामानाची.

'बाबा, हिवाळ्यात नको. तुझ्याकडे यायचं म्हणजे परत निघता येईल याची खात्री नाही.' म्हणाली हसत. चाळीस वर्षं डिझेल इंजिनं कानाने तपासली. पोरीच्या आवाजात काही बिनसलंय हे कळायला मला बॉनेट उघडावं लागत नाही.

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वीचा नाताळ, माझी बायको हेल्वी गेल्यानंतरचा पहिला. रीक्का विजेवरची नवी गाडी घेऊन औलूहून आली. मी ऐटीत म्हणालो, 'आपल्याकडे सॉकेट आहे की! अंगणातल्या खांबाला लाव.' इथे घरोघरी असा खांब, थंडीत इंजिन तापवायला. लावली. आणि त्या खांबातलं घड्याळ दोन तासांनी वीज तोडतं हे मी साफ विसरलो! इंजिनाला दोन तास पुरतात — म्हणून तर ते घड्याळ मीच बसवून घेतलेलं. सकाळी बॅटरी जेमतेम. तिला कामावर पोचायचं होतं. 'शहरातल्या चार्जरपर्यंत जाईन,' म्हणाली. नाही पोचली. जंगलात, रस्त्याच्या कडेला, दीड तास.

त्यानंतर एकदाच आली, उन्हाळ्यात. दुपारी आली, संध्याकाळी गेली.

गुरुवार, ९ जानेवारी

ठरवलं. सॉकेटचं काम करून घ्यायचं. तिची सबब काढून टाकायची. मग ती येईल — किंवा सबब वेगळीच होती, एवढं तरी कळेल.

मंगळवार, १४ जानेवारी

वायरमन केम्पाइनेन आला. बूट दारात, टोपी डोक्यावर, आणि पहिलं वाक्य: 'कॉफी आधी की वाईट बातमी आधी?'

कॉफी आधी. दोन पाव खाल्ले, मग अंगणात गेला.

'या सॉकेटमधून रात्रभर वीज ओढलीस तर ते वितळेल, टाउनो. मुलीच्या आधी बंब येईल.'

'सॉकेट बदल. तार बघ. तार चांगली आहे.'

त्याने उकरून बघितली. शिट्टी वाजवली. 'ही कोणी घातली?'

'चर मी खणला, चौऱ्याऐंशी साली. तार तुझ्या बापाने. लागते त्याच्या दुप्पट जाड — मी मागून घेतली.'

'तू मागितलीस? माझ्या बापाने तुझ्या गळ्यात मारली असणार!'

बरं वाटलं. या अंगणात दोन माणसं हसल्याला किती दिवस झाले.

मग घरात, फ्यूजच्या पेटीसमोर. तिथे खरी अडचण. 'घरातले हीटर, सॉनाची शेगडी आणि वर गाडी — सगळं एकदम लावलंस तर अंधार.'

'सॉना मी लावत नाही.'

तो वळला. 'लावत नाहीस म्हणजे?'

'दोन वर्षं.'

'शनिवारी वाफ घ्यायलासुद्धा?'

'शॉवर आहे.'

टोपी काढली त्याने. दफनाच्या वेळी काढतात तशी. 'शॉवर!'

मी म्हणालो, शेगडीची लाइन तोड आणि गाडीला दे, कटकट नको. तर म्हणाला, 'सॉना तोडायचा असेल तर दुसरा माणूस बघ. आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही.'

पन्नाशीचा बाप्या, आणि खरंच घाबरला होता.

बुधवार, १५ जानेवारी

एकट्यासाठी दगड तापवायचे, एकट्याने पाणी टाकायचं. वाफ उठते, आणि वरच्या फळीवरून 'अजून टाक, कंजूष' म्हणणारं कुणी नाही. हे केम्पाइनेनला कसं सांगणार?

सोमवार, २० जानेवारी

झालं काम. खांबावर जाड नवं सॉकेट, घड्याळ काढून टाकलं. पेटीत एक छोटी डबी. केम्पाइनेनने मला शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवायला लावलं — 'आधी सॉना, मग गाडी.' शेगडी चालू असेल तोवर गाडीची वीज बंद. शेगडी बंद झाली की गाडीची आपोआप सुरू.

'उलटं नाही करता येत? आधी गाडी?'

'येतं. पण मी करणार नाही.'

जाताना म्हणाला, 'शनिवारी डबी तपासून बघ. म्हणजे शेगडी लावून बघ, म्हातारबा. तांत्रिक कारण आहे.'

लबाड.

रीक्काला खांबाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं: 'रात्रभर चालतं. घड्याळ नाही.' उत्तर — अंगठा. नुसता अंगठा.

शनिवार, २५ जानेवारी

डबी तपासली नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

संध्याकाळी खांबावरचा बर्फ झाडला. उगीच. काल झाडला होता तेवढाच आज.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फोन! 'शनिवारी येऊ का? रविवारी नऊला निघेन.' 'ये,' म्हणालो. एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर दहा गोष्टी सुचल्या.

तिच्या मागे दार आपटल्याचा आवाज आला. वाऱ्याने आपटतं तसा नव्हे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सॉना घासला. फळ्या, दगड, सगळं. हेल्वीचा दगडांवर पाणी टाकायचा लाकडी डाव बादलीत पालथा पडून होता. भिजवून ठेवला, तडकू नये म्हणून. बटाटा आणि आंबट बेरी भरून राय धान्याच्या पिठाच्या वड्या केल्या. हेल्वीच्या वड्यांची नखाएवढीही सर आली नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आली. चार वाजता. गाडीचा आवाजच नाही — मला कळलं ते टायरखाली बर्फ करकरला तेव्हा. असली गाडी माझ्या काय कामाची? ऐकू काय येणार?

खांबाला वायर लावली, हिरवा दिवा. तिने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'घड्याळ नाही ना?' 'नाही!' दोघंही हसलो. सामान आणायला मागचं दार उघडलं — एका रात्रीसाठी दोन मोठ्या बॅगा, वर तिच्या खिडकीतलं कॅक्टस, टॉवेलात गुंडाळलेलं. आत फक्त छोटी पिशवी नेली. मागचं दार मीच लावून घेतलं.

पाचला शेगडीची चकती फिरवली. दोन वर्षांनी! तीच टिकटिक — जुन्या स्प्रिंगची, थोडी लंगडी. आधी ती जाऊन आली, मग मी. वरच्या फळीवर बसलो. पाणी टाकलं. बाहेरून ती ओरडली, 'अजून टाक, कंजूष!' — हुबेहूब आईसारखी.

नंतर टेबलावर वड्या. तीन खाल्ल्या. फोन चार वेळा थरथरला. पाचव्यांदा तिने तो पालथा घातला, वर रुमाल. मी केम्पाइनेनची टोपी, त्याची आई, सगळं सांगितलं. खूप हसली. मग विचारलं, 'म्हणजे शेगडी चालू असली की गाडी खरंच थांबते?'

'खरंच. डबीच तशी आहे.'

'आणि शेगडी किती वेळ चालते?'

'एकदा फिरवली की चार तास. मग बंद. पुन्हा फिरवावी लागते.'

'हं,' म्हणाली.

गाडीला आता सबंध रात्र लागेल. तार जाड असली तरी घर जुनं, केम्पाइनेनने वीज बेताचीच सोडलीय. पण सकाळपर्यंत होईल. आठला जाऊन मीच शेगडी शून्यावर आणली. खांबावर हिरवा दिवा. या वेळी घोळ नाही. नऊला निघेल, नीट पोचेल.

नीटच पोचायला हवी. त्याचसाठी केलं सगळं.

रविवार, ९ फेब्रुवारी

साडेसहाला उठलो. तिच्या खोलीचं दार बंद. आधी अंगणात. खांबावरचा हिरवा दिवा विझलेला! गाडीच्या पडद्यावर एकेचाळीस टक्के. पुन्हा तेच! केम्पाइनेनला शिव्या देतच आत आलो — आणि ऐकलं. भिंतीपलीकडे टिकटिक, लंगडी.

सॉनात वाफ नाही, माणूस नाही. फळ्या कोरड्या. दगड तापून रसरसलेले. चकती शून्यापासून अर्ध्या तासावर — म्हणजे पहाटे तीनला फिरवलेली.

शेगडीवर काही वाळत घातलेलं नाही ना, ते पाहिलं. मग चकती पुन्हा चारवर फिरवली, दार हळूच लोटलं आणि कॉफी टाकली. दोघांची.