आईनं केलेला गेम

९ नोव्हेंबर

परत तेच! एआयनं जुन्या आवृत्तीतलं फंक्शन गेमच्या नव्या इंजिनात कोंबलं आणि वर तोरा बघा — "हा कोड नक्की चालेल." नाही चालत रे बाबा! ते फंक्शन काढून टाकूनसुद्धा जमाना झाला.

अख्खी दुपार एआयशी भांडले. शेवटी टिपण लिहिलं: नव्या आवृत्तीत वेग आधी ठरवायचा, मग पात्र हलवायचं. फंक्शनच्या कंसात काही द्यायचं नाही. खाली आवृत्ती, तारीख, आणि "स्वतः चालवून बघितलं". आमच्या टीमप्रमुख उज्ज्वलाताईंचा नियमच आहे — जे चालवून बघितलं नाही ते टिपणात घालायचं नाही. ऐकीव माहितीवर तर तो आधीच पोसलाय.

आमच्या कंपनीचं काम हेच. कोड लिहून देणाऱ्या एआयला गेम बनवण्याची खात्रीची माहिती पुरवायची. उत्तर द्यायच्या आधी तो आमची टिपणं वाचतो. घरात हे सांगायचं कुणाला? धाकटा पप्पू गावभर सांगत फिरतो, "ताई दिवसभर गेम खेळती." स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात मुक्काम ठोकून बसलाय, आणि मी खेळते!

११ नोव्हेंबर

माडीवरची खोली, जिना, स्वयंपाकघर. परत जिना, परत खोली. मला पुण्याहून आणून वर्ष होत आलं. "निवडणुकीचं साल हाय, घरात माणसं पाह्यजेत," असं म्हणून आण्णांनी बोलावून घेतलं; बापापुढं बोलणार कोण. निवडणूक काही लागत नाही आणि मी काही सुटत नाही.

खाली आण्णांची बैठक भरलीय. सकाळपासून माणसं येतायत, आई चहा पाठवतेय. आत्ताच आण्णांनी एकाला विचारलं, "रस्त्याचं काम झालं का?" तो म्हणतो, "झालंच म्हणून समजा, आण्णा!" माझा एआय इथंच शिकून गेला की काय! माहीत नाही म्हणायला जीभच वळत नाही कुणाची. टिपणात मोठ्या अक्षरात लिहिलं — माहीत नसेल तर ठोकून देऊ नकोस. समोरच्याला विचार.

१३ नोव्हेंबर

उज्ज्वलाताईंचा फोन. एक डिसेंबरपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात यायचं. घरून काम बंद. "तेजश्री, तुझी टिपणं सगळ्यांत भरवशाची आहेत. तुला सोडायचं नाहीये मला. पण नियम सगळ्यांना एकच गं."

येते म्हणाले. कशी जाणार ते देवाला ठाऊक.

१४ नोव्हेंबर

आण्णांना विचारलं. जेवण होऊ दिलं, सुपारी तोंडात जाऊ दिली, मग विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं!

"एकटी पोरगी पुण्यात ऱ्हायची न्हाई."

मी म्हटलं, हॉस्टेलवर राहिलेच की चार वर्षं.

"तवा शिकत व्हतीस. आता कावून? हितं काय कमी हाय? लोकं तुला न्हाई इचारत, मला इचारतेत. संपला इषय."

आईकडं बघितलं. ती ताटं उचलत होती. "आण्णा म्हणतेत ते बराबर हाय." बास. हिला दुसरं वाक्य येतच नाही! चिखलात बसलेल्या म्हशीला हलवता येईल, आईला नाही. वर येऊन उशीत तोंड खुपसून लई रडले.

१५ नोव्हेंबर

एकही टिपण लिहिलं नाही. पडून राहिले.

१७ नोव्हेंबर

एक फट दिसतेय. उज्ज्वलाताई म्हणाल्या, टिपणांची शेवटची चाचणी चोख झाली तर साहेबांकडं शब्द टाकते, तुझ्यापुरतं घरून काम चालू ठेवा म्हणून. पुणं नाही तर नाही, निदान नोकरी राहील. ती गेली की मग आहेच — स्थळं, पोहे, "पोरगी काय करती?"

चाचणी अशी: ज्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही असं माणूस एआयसमोर बसवायचं. आमची टिपणं एआयच्या पोटात घातलेली. त्या माणसानं आपल्या भाषेत सांगत सांगत छोटा गेम पुरा करायचा. आणि मी शेजारी बसून फक्त बघायचं. बोलायचं नाही, खुणा नाही, हं नाही की चूं नाही!

पहिलं गिऱ्हाईक पप्पू. माईकवर म्हणतो, "ए, एक नंबर गेम बनव बे. बंदूक पाह्यजे." एआयनं विचारलं, कोण कुणाला मारतं? का मारतं? पप्पू चिडला. शिव्या घातल्या. मग माझ्याकडं वळून म्हणतो, "ताई, ह्याला शिव्या दिल्या तरी माफीच मागतंय. काय मजा न्हाई बे ह्याच्यात." आणि गाडीला किक मारून गेला.

१९ नोव्हेंबर

दुसरं कुणी सापडेना. आई धुणं वाळत घालायला गच्चीवर आली होती, तिलाच धरलं. थोडं रागानंच.

"मला काय येतंय बाई! मोडलं बिडलं तर?"

"मोडू दे. तुला जो वाटेल तो खेळ सांग. तो बनवून देतो."

आई पदर सावरून बसली, जसं काही समोर पाव्हणेच आलेत. मग माईकला म्हणाली, "आवो, ऐकायलाव का?" हसूच फुटलं मला! तोंड दाबून बसले.

आणि खेळ कुठला सांगावा तिनं? घरात पाहुणे येतात. बाईनं सगळ्यांना चहा द्यायचा. एक बिनसाखरेचा. एकाला बशी लागते, एकाला लागत नाही. उशीर झाला की पाहुणा तोंड वाकडं करतो. आई सांगतच सुटली! इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. बिनसाखरेवाला कुठं बसतो, फुकटचा कोण येतो, दोनदा कोण मागतो, सगळं पाठ.

२१ नोव्हेंबर

पहिली आवृत्ती चालली! चौकोनी बाई, गोल पाहुणे. पण बाई ट्रे घेऊन पाहुण्यांच्या आरपार जातेय. टक्कर कुणाची कुणाशी व्हावी ते ठरवणारे थर आईला कुठले माहीत, आणि एआयला सांगायचं माझ्या टिपणात राहिलंय. माझीच चूक. जीभ चावत गप्प बसले.

आई मात्र खूश. "चांगलं हाय की! धक्का लागून कुणाच्या धोतरावर तरी सांडत न्हाई."

थरांचं टिपण लिहून, चालवून बघून, घातलं. आता बाई अडते. पाहुणेही एकमेकांवर चढत नाहीत.

आई रोज दुपारी आपणहून वर येतेय. हातातलं पीठसुद्धा धुवायचं राहतं. कीबोर्डवर पांढरे ठसे. राग यायचा तो येत नाही. मीच पुसते.

२२ नोव्हेंबर

आज एआयनं तिला विचारलं, "खेळ कधी संपतो? बाई कशानं जिंकते, कशानं हरते?" हे माझंच टिपण — शेवट सांगितला नसेल तर मनानं ठरवू नकोस, विचार. शहाण्यासारखं विचारलं त्यानं. मी मनात टाळी वाजवली.

आईचं बोट तिथंच थांबलं. "संपतंय कुठं बाई?" माझ्याकडं बघितलं. मला बोलायची बंदी! मी खाली मान घातली. तिनं परत वाचलं, ओठ हलवत. तेवढ्यात खालून आवाज आला, "पाच च्या पाठवा!"

उठून गेली. जिन्यात जरा थांबली होती, पावलं वाजली नाहीत. मग गेली.

२४ नोव्हेंबर

आई आज खेळाला बसली नाही. भाकरी थापता थापता विचारते, "ती उज्ज्वलाबाई चांगली हाय का? तिचं हाफिस कोणत्या बाजूला हाय? तितं बायका हायेत का कामाला?"

सांगितलं सगळं. मग डोक्यात ट्यूब पेटली — आण्णांनी विचारायला लावलं असणार! चौकशी करून आणखी एक नकार पक्का करायचा.

२५ नोव्हेंबर

संपलं. साहेब म्हणाले, घरून कुणालाच नाही. चाचणीचा निकाल कसाही येवो. उज्ज्वलाताई चार वेळा सॉरी म्हणाल्या. एक तारखेला आले तर जागा आहे, नाही आले तर नाही.

खाली जाऊन आईवरच फुटले. सगळं तोंडाला येईल तसं बोलले. "तू पण त्यांचीच! एकदा तरी माझ्यासाठी तोंड उघडलंस का? ऑफिसचा पत्ता विचारून त्यांना चुगल्या करतेस!" आई चुलीपुढून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "झालं का बोलून? जेवून घे." मी जेवले नाही.

२६ नोव्हेंबर

आई सकाळी उमापूरला गेली, माहेरी. मामींची तब्येत बरी नाही म्हणे. ड्रायव्हर तानाजी गाडीनं सोडायला निघाला होता, तो अर्ध्या तासात माघारी. म्हणतो, "वैनीसाहेब म्हणल्या, स्टँडवर सोड, यश्टीनं जाती." आण्णा म्हणाले, "जाऊ दे, म्हायेरच हाय."

माझ्याशी बोलली नाही जाताना. मीही नाही. असं बोलायला नको होतं.

पप्पूला चहा येत नाही, म्हणून बैठकीचा चहा माझ्या गळ्यात. दिवसभर जिना.

२७ नोव्हेंबर

नोकरी जाणारच तर काम तरी पुरं करून देऊ म्हणून चाचणीची फाइल उघडली. आणि बघते तर — आई एकटीच बसून गेलीय! मी अंघोळीला गेले असताना बसली असणार. शेवट कधी ते त्याला सांगितलंय: "हारत न्हाई ती. बाई ट्रे खाली ठिवती अन् भाईर निघून जाती. तवा जितली."

त्यानं विचारलं, पाहुणे तसेच बसून राहिले तरी? आईचं उत्तर, "बसू दे."

आणि कोड! पहिल्याच दमात बरोबर! दार, बाई दारात पोचल्याचा इशारा, खेळ थांबवणं, सगळं नव्या आवृत्तीचं. एकही बनावट फंक्शन नाही. माझी टिपणं चालली! लगेच चालवून बघितलं, उज्ज्वलाताईंना पाठवलं. त्यांचा मेसेज आला, "चाचणी पास. एक नंबर!" खोलीत एकटीच नाचले. मग आठवलं, आता ह्याचा उपयोग काय. बसले.

२८ नोव्हेंबर

आईचा फोन. उमापूरहून नाही. पुण्याहून!

उज्ज्वलाताईंच्या ऑफिसात जाऊन आली. तिथल्याच एका बाईनं खोली दाखवली, ती घेतली. "दोघींना पुरती. मोरीला खिडकी हाय." मी खोलीचं दार लोटून घेतलं. आई बोलतच होती.

"आण्णांना आत्ताच फोन लावलाता. म्हणलं, एकटी पोरगी ऱ्हायची न्हाई म्हणताव ना? बराबर हाय तुमचं. मी हाय तिच्याजवळ."

"मग आण्णा काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं."

"आई, तू किती दिवस राहणार?"

"म्या न्हाई येत माघारी, तेजे. तू कपडे भर."

खाली बैठक भरलीय आणि कुणीच बोलत नाही.

मी बॅग काढली.