चाळीस मिनिटांचं काम

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवरच सांगणार होतो. चार दिवस रोज फोन हातात घेतोय, पण तू उचलतेस आणि पहिलं 'जेवलास का' आणि लगेच 'आवाज का असा येतोय तुझा' म्हणतेस, की माझं अवसान गळतं. परवा तर अर्धा तास तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि फोन ठेवून डोक्याला हात लावून बसलो. म्हणून लिहितोय. हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले, मधेच उठून स्वयंपाकघरातला नळ गळतोय का बघून आलो, तो बिचारा ठणठणीत आहे. बायको म्हणाली, काय ते एकदाचं लिहून टाक बाबा, तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजेल.

तुझ्या लाँड्रीतल्या मशीनबद्दल लिहायचंय. तू ते घेतलंस तेव्हा निळ्या पट्टीचं बारा किलोचं घेऊ की लाल पट्टीचं अठरा किलोचं, हे मलाच विचारलं होतंस. घरचाच माणूस त्या कंपनीत मेकॅनिक, मग दुसऱ्या कुणाला कशाला विचारशील? मी म्हटलं, निळंच घे, कमी किमतीत भागतंय, पुढचं पुढे बघू. मग हॉटेलवाल्यांचं काम मिळालं आणि ती जाडजूड ब्लँकेटं यायला लागली. बारा किलोच्या वर एक टॉवेल पडला तरी मशीन लाल दिवा लावून ठप्प. तू तिचं नाव महाराणी ठेवलंस. महाराणींना जड होतं म्हणून मागच्या मोरीत टब मांडून तू स्वतः ब्लँकेटं तुडवायला लागलीस. अकरा महिने तुडवलीस. मी सुट्टीच्या दिवशी यायचो तेव्हा तू भिंतीला धरून उठायचीस आणि वर मलाच हसून म्हणायचीस, वय झालं रे. अठ्ठेचाळीस हे काय वय आहे? मी चहा पीत बसायचो आणि विषय बदलायचो.

आता नीट वाच, मी एका दमात लिहून टाकतो, नाहीतर हाही कागद फाटेल. तुझं मशीन पहिल्या दिवसापासून अठरा किलो धुऊ शकत होतं. निळी पट्टी आणि लाल पट्टी हे एकच मशीन आहे. ड्रम तोच, मोटर तीच, स्क्रूसुद्धा तेच. कारखान्यात एकाच रांगेतून येतात, शेवटच्या टेबलावर एक बाई पट्ट्या चिकटवते आणि शेजारचा माणूस निळ्यांमध्ये आकडे दाबून बारा किलोची अट भरतो. नोकरीला लागलो तेव्हा ट्रेनिंगमध्ये मी मास्तरांना भाबडेपणाने विचारलं होतं, मग यात फरक काय? ते म्हणाले, किमतीचा. सगळा वर्ग हसला. मीही हसलो गं, खोटं कशाला सांगू.

गिऱ्हाइकाने 'मोठ्या पार्ट'चे पैसे भरले की ती अट काढायला आम्हाला पाठवतात. सहा आकडे दाबायचे, झालं. माझा हात बसलाय, वीस सेकंदसुद्धा लागत नाहीत. पूर्वी मेकॅनिक खरंच जाऊन आकडे दाबून परत यायचे, तेव्हा गिऱ्हाइकं अंगावर धावून यायची, की एवढे पैसे कसले घेतलेत? तेव्हापासून नियम झाला. किमान चाळीस मिनिटं थांबायचं. मागचं झाकण उघडायचं, जमिनीवर फडकं अंथरून हत्यारं मांडायची, अधूनमधून पान्याने ठोकायचं, आणि येताना मोठा पार्ट आणल्यासारखा खोका उचलून आणायचा. खोक्यात काय ठेवायचं ते ज्याचं त्याने बघायचं. मी व्यायामाच्या दोन जुन्या लोखंडी चकत्या ठेवतो, उचलताना खरंच धाप लागते. आमच्यातल्या एकाला तर सगळे सर्जन म्हणतात, तो हातमोजे घालून कामाला बसतो आणि मधेच मान हलवून च् च् करतो. कँटीनमध्ये याच्या नकला चालतात आणि पोट धरधरून हसतो आम्ही.

अकरा महिन्यांनी तूही त्या 'मोठ्या पार्ट'चे पैसे भरलेस, आणि तुझ्याकडे आलो त्या दिवशी मी तेच केलं. तुझ्यासमोर. तू दुकान अर्धं बंद करून माझ्यासाठी स्टूल मांडलंस, दर पाच मिनिटांनी विचारत होतीस, बॅटरी धरू का, पाणी देऊ का. मी झाकणाच्या मागे डोकं घालून बसलो होतो आणि घड्याळ बघत होतो. आणि मग तू म्हणालीस, जुना पार्ट घेऊन जाऊ नकोस हं, आपल्या पैशाचा आहे. याची तयारी कुणीच शिकवलेली नव्हती! मी गाडीत जाऊन दुसऱ्या कुठल्यातरी मशीनचा गंजका पंप आणून तुझ्या हातात ठेवला. तू तो पुसूनबिसून फळीवर ठेवलास आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागलीस, हा खराब होता म्हणून महाराणी रुसत होती, माझ्या भावाने बदलला. भावोजींनी तर तो हातात घेऊन वजनसुद्धा केलं.

ते पैसे तू कुठून काढलेस ते मला त्याच दिवशी भावोजींकडून कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले होते. कमाई वाढली की करू, म्हणालीस म्हणे. त्यातला थोडा वाटा आमच्या पगारात येतो, कमिशन म्हणून. तुझ्या कामाचाही आला. मी त्यातून तुझ्यासाठी तो गुडघ्याचा पट्टा आणला. तुला आठवत असेल, तो बांधताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू म्हणालीस, माझा खटपट्या किती मोठा झाला. ताई, मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. लाज वाटली म्हणून जेवलो नाही, हे आत्ता पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय. दुसऱ्या दिवशी मात्र कामावर गेलो आणि आणखी दोन खोके उचलले.

असं नाही की मी स्वतःला समजावलं नाही. सगळ्याच कंपन्या करतात, मी नाही केलं तर सर्जन करेल, घराचं भाडं द्यायचंय, कागदावर सही केलीय की हे बाहेर बोलणार नाही. शिवाय प्रत्येक वेळी आकडे दाबले की कुणी दाबले ते ऑफिसात दिसतं, त्यामुळे चोरून तुझं काम करून टाकता येत नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण तुडवायला लागलीस त्या पहिल्याच दिवशी तुला नुसतं सांगता तर आलं असतं? निदान 'ताई, मशीन कमकुवत नाही, तिला बांधून ठेवलंय' एवढं? कंपनीत जाऊन तू तरी भांडली असतीस. तू भांडायला लागलीस की भल्याभल्यांची बोबडी वळते. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर 'मग तू तिथे काय करतोस' हे तू विचारलं असतंस.

आणि आता ही नवी भानगड. चार दिवसांपूर्वी ऑफिसात कामाची यादी आली. तुझा पत्ता वरच बघून मला वाटलं तुझं मशीन बिघडलं. खाली बघतो तर तुझ्याच रस्त्यावरच्या तीन लाँड्र्या, कोपऱ्यावरच्या काकू, जुळ्यांची आई आणि दवाखान्याच्या चादरी धुणारी ती उंच बाई. सोमवारी तिघींच्या मशीनमध्ये 'मोठा पार्ट' बसवायचाय, तिघींनी तुझं नाव दिलंय, आणि सकाळी दहाला तिघी तुझ्याच दुकानात जमणार, तिथून मी एकेकीकडे जायचं, असं तू साहेबांना फोन करून ठरवलंस म्हणे. वर सांगितलंस, माझाच भाऊ पाठवा, हात फार चांगला आहे त्याचा. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. काकूंनी यासाठी गळ्यातली साखळी विकायला काढलीय, हे तूच मला त्या हवापाण्याच्या फोनवर कौतुकाने सांगितलंस. तुझ्या शब्दावर विकतायत त्या. माझ्या शब्दावर कुणी काही विकलं नसतं गं, तुझ्या शब्दावर विकतायत. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

ते सहा आकडे इथे लिहून पाठवावेत असं दोनदा वाटलं. लिहिले आणि गिरगटून टाकले. आकडे पाठवून मी पुन्हा घरात लपून बसलो असतो आणि त्या बायकांना तोंड तुलाच द्यावं लागलं असतं. बायकोला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, नोकरी गेली तर बघू, पण ताईंच्या दुकानात मला मान वर करून जाता आलं पाहिजे.

तर पत्र का लिहिलं ते सांगतो. सोमवारी मी दहाला येईन, कंपनीच्या कपड्यांत, खोका घेऊन. तुला वाटेल, एवढं कबूल केलंय तर आता तिथे आपोआप बोलेल. नाही बोलणार. मी स्वतःला ओळखतो. तिघी स्टूल मांडून बसतील, कुणीतरी पाणी आणेल, आणि मी मुकाट्याने पहिल्या दुकानात जाऊन फडकं अंथरेन. दोन वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की नक्की काय बसवलंस. विश्वास होता तुझा, आणि त्याच्याच आडोशाने मी निभावून नेलं. म्हणून सोमवारी तिघींसमोर, मी हत्यारं काढायच्या आधी, मला विचार, की खटपट्या, माझ्या मशीनमध्ये काय बसवलंस? दयामाया न करता विचार. लहानपणी विचारायचीस तसं, कमरेवर हात ठेवून. मी गप्प राहिलो तर पुन्हा विचार. मी बोलेपर्यंत विचारत राहा, ताई.

तुझाच,
खटपट्या