कुठे आहेस, कळव

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा आपटलं! टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं. मला विमान चालवायला शिकवणाऱ्या बाई शेजारी शांत. आधी त्या शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायच्या. बोलणंही तसंच, सरसकट फवारणी. म्हणाल्या, "वा! एका फेरीत तीन लँडिंग. तुझा सराव लवकर उरकणार."

आणि वर हा. वर म्हणजे टॉवरच्या काचेच्या खोलीत, कानाला हेडसेट लावून. माझा नवरा इथला कंट्रोलर. कुणी उडायचं, कुणी थांबायचं, कुणी उतरायचं, सगळं हाच सांगणार. मी धावपट्टीला समांतर वळते न वळते तोच कानात — "कुठे आहात, कळवा." कळवलं. पुढचं वळण घेतलं. "कुठे आहात, कळवा." अहो, समोर तर आहे! लाल शेपटीचं विमान. आकाशात दुसरं चिटपाखरू नाही!

घरीही तेच. जरा दिसेनाशी झाले की — "कुठे आहेस?"
बाथरूममध्ये आहे! अजून कुठे जाणार?

गुरुवार, ६ मार्च

लॅबमधली सगळी विचारतात, कवळ्या बनवणाऱ्या बाईला विमान कशाला? मी म्हणते, हौस.

खरं कारण इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी हा किल्ली विसरला म्हणून टॉवरवर गेले होते. हा कुणा वैमानिकाशी बोलत होता. "गुड मॉर्निंग. पुढे या. सावकाश. धन्यवाद." काय ती साखर! मी दारात उभी. वीस वर्षांच्या संसारात असलं "सावकाश" माझ्या वाट्याला आलं नव्हतं. किल्ली पुढे केली तर बघेना. "इथे आहे मी!" म्हटल्यावर दचकला आणि वर खेकसला. त्या दिवशी मनात आलं, विमानातच बसावं. म्हणजे तरी माझ्याशी गोड बोलेल.

हे झालं हसण्यावारी न्यायचं कारण. दुसरं असं, की मला एकदा तरी अशा जागी जायचंय जिथे कुणी विचारणार नाही, कुठे आहेस म्हणून.

लेक नोकरीला आहे त्या गावी छोटा विमानतळ आहे. एकटीने लांब उडायचा टप्पा मी तिथेच जाऊन पुरा करणार. तिथल्या लॅबमध्ये जागाही आहे. लेक म्हणते, "आई, ये ना इकडे. दात इथेही पडतात लोकांचे!" लायसन्स हातात आलं की याला सांगणार, मी चालले. अजून बोलले नाही.

रविवार, ९ मार्च

स्टुलावरून रामायण. झाडताना मी ते हातभर सरकवलं, तर हा अडखळला. "वस्तू जागच्या जागी राहत नाहीत या घरात!" कपाटाचं दार उघडं नको, चप्पल वाटेत नको. मी घरात राहते की संग्रहालयात?

नंतर चहा नेला. शेजारी कप धरून उभी. मान वळवेल तर शपथ! हात भाजायला लागला तेव्हा टेबलावर आदळला. मग दचकून म्हणतो, "कधी आलीस?"

इतकी का मी नकोशी झालेय?

मंगळवार, ११ मार्च

आज बाईंनी अशी झाडली की बास. आणि त्यांचं खरं होतं.

मी फार उंचावरून येत होते, वेगही जास्त. मलाच ते दिसत होतं. पण कानात याचा आवाज आला, "क्लिअर्ड टू लँड," आणि मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. टॉवरने सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं असतं, म्हणजे नीट ऐकलंय हे त्यांना कळतं. त्यात माझा हात कोण धरणार? आणि मग नाक खाली घालून मुकाट उतरवलं. अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. शेवटी ब्रेक किंचाळले.

"का उतरवलंस?"

"टॉवरने सांगितलं."

"टॉवरने काय सांगितलं? उतरलीस तरी चालेल, असं. उतर, असं नाही! परवानगी आहे ती, हुकूम नव्हे. विमान तुझ्या हातात आहे का त्याच्या? जमत नसेल तर नाक वर, पॉवर पूर्ण, आणि नाही म्हणायचं. कळलं?"

कळलं. पण जीभ वळायला हवी ना! वीस वर्षं या आवाजाला हो म्हणत आलेय. तो म्हणाला की हात आपोआप चालतात. बाईंना हे काय सांगणार?

शनिवार, १५ मार्च

एकटी उडाले!! शेजारची खुर्ची रिकामी. उतरले तेव्हा चाकं टेकलेली कळलंसुद्धा नाही. बाईंनी पाठीत धपाटा घातला. डोळे भरून आले.

हा संध्याकाळी एवढंच म्हणाला, "दुसऱ्या वळणावर कळवायला उशीर केलास."

मंगळवार, १८ मार्च

हद्दीबाहेर जायची परवानगी मागितली. बाईंनीच सांगितलं होतं, उत्तरेला टेकडीपर्यंत एकटी जाऊन ये. टॉवर — "थांबा. सर्किटमध्येच राहा." म्हणजे धावपट्टीभोवतीच फिरत बसा. थोड्या वेळाने पुन्हा मागितली. "सर्किटमध्येच राहा." कारण? "रहदारी." कसली डोंबलाची रहदारी! मी आणि चार बगळे.

तीच धावपट्टी, तीच चार वळणं, तोच आवाज. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी फिरत होते. उतरल्यावर विमानातच बसून रडले. बाई आल्या, पाण्याची बाटली दिली.

शनिवार, २२ मार्च

आल्याआल्या लिहायला बसले. अक्षर बघा!

एकटीच होते. शेवटचा टप्पा, धावपट्टी सरळ समोर. "क्लिअर्ड टू लँड." मी म्हणून दाखवलं. उंची बरोबर, वेग बरोबर, सगळं अगदी बाईंच्या मनासारखं. आणि धावपट्टीच्या मध्यावर ट्रॅक्टर! गवत कापायचा, पिवळा, कडेवरून आत येऊन आरामात पलीकडे चाललेला.

क्षणभर मी उतरतच राहिले. तो म्हणालाय ना. त्याला दिसतंय ना सगळं तिथून.

मग काय झालं देव जाणे. हात पुढे गेला. पॉवर पूर्ण. नाक वर. आणि मी ओरडले, "नाही! उतरत नाही! ट्रॅक्टर आहे, वर जातेय!" शब्द काही पुस्तकातले नव्हते. ट्रॅक्टरवाल्याने टोपी धरून वर पाहिलेलं मला दिसलं, इतकी खाली होते.

मग किती तरी वेळाने — "कुठे आहात, कळवा."

त्या ट्रॅक्टरवाल्याला पलीकडे जायची परवानगी यानेच दिली होती, नंतर कळलं.

रविवार, २३ मार्च

भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडले.

"मला धडा शिकवायचा होता का? लग्नाच्या बायकोला ट्रॅक्टरवर उतरवतोस?"

हा खुर्चीत. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "दिसला नाही मला."

"एवढा पिवळाधमक ट्रॅक्टर दिसला नाही?"

"तुझ्याकडे बघत होतो."

काय पण सबब! पोरगी पटवायला आलाय जणू. दार आपटून बाहेर पडले. खाली वाहनतळात गाडीत बसून राहिले, जायला जागा नव्हती म्हणून.

मंगळवार, २५ मार्च

ते वाक्य डोक्यातून जाईना. तुझ्याकडे बघत होतो.

आज चहा नेला. शेजारी उभी राहिले, कप पुढे केला. बघेना. एक पाऊल पुढे. बघेना. अगदी समोर गेले, तेव्हा लगेच हात पुढे आला. "आणलास?"

मी पुन्हा बाजूला सरकले आणि हात हलवून पाहिला.

शनिवार, २९ मार्च

मी विचारलं, त्याने सांगितलं. इतकं सोपं होतं.

दोन वर्षं झाली. नजरेच्या कडा जात चालल्यात. मधलं स्पष्ट दिसतं, अगदी बारीक अक्षरसुद्धा, म्हणून तक्ता वाचायच्या तपासणीत कुणाला संशय आला नाही. आजूबाजूचं मात्र नळकांड्यातून बघावं तसं, आणि नळकांडं लहान होतंय. डॉक्टरांकडे चोरून जाऊन आलाय. इलाज नाही म्हणाले.

"तू लांब गेलीस की सापडत नाहीस मला," म्हणाला. "जवळ फिरतेस तोवर शोधता येतं. म्हणून विचारतो, कुठे आहेस. घरातही."

मला गलबलून आलं. आणि त्याच दमात इतका संताप आला! दोन वर्षं! दोन वर्षं असल्या डोळ्यांनी लोकांची विमानं उतरवत होता!

म्हटलं, "सोमवारी साहेबांना सांग. नाही सांगितलंस तर मंगळवारी मी सांगेन."

"तू सांगशील?"

"हो."

त्याने मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. मग म्हणाला, "आणि तू जा लेकीकडे. तिच्याशी फोनवर बोलतेस ते ऐकू येतं मला. कान शाबूत आहेत. मी अडवणार नाही."

वीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली. मेल्याला आत्ताच सापडलं बोलायला!

सोमवार, ३१ मार्च

सांगून आला. हेडसेट तिथेच ठेवून आला.

शनिवार, ५ एप्रिल

टॉवरमध्ये नवी मुलगी. हद्दीबाहेर जायची परवानगी मागितली, लगेच मिळाली.

टेकडी ओलांडली. खाली नदी, पूल, मुंग्यांएवढ्या गाड्या. कुणीही विचारलं नाही, कुठे आहात. मोकळं वाटेल याची वाट पाहत होते. वाटलंही. थोडा वेळ. मग उगाचच घड्याळ बघितलं. तो आत्ता एकटा असेल. सकाळी स्टूल जागेवर ठेवलं होतं का मी?

लेकीच्या गावाकडे जाणारा रस्ता वरून सरळ दिसत होता. पुढच्या शनिवारी तिथे उतरायचं. संध्याकाळी फोनवर तिने विचारलं, "मग येतेस ना कायमची? बाबा तर हो म्हणाले."

म्हटलं, "परवानगी दिलीय, हुकूम नाही."

तिला काही कळलं नाही. मलाही उत्तर माहीत नाही. फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

मंगळवार, ८ एप्रिल

संध्याकाळी लॅबमधून आले. हा खिडकीशी बसलेला, पाठ माझ्याकडे. कुणी विचारलं नव्हतं. मीच दारातून म्हटलं, "दारात आहे. तुझ्या डाव्या बाजूने येतेय."

तो न वळताच म्हणाला, "गुड इव्हिनिंग. पुढे या. सावकाश."